एकाग्रतेचं बिल किती येतं?

कार्ल्याच्या चैत्यगृहात गर्दी नसेल अशा दिवशी जा आणि खांबांकडे नीट पाहा. तो खांब कोणाच्या दानातून उभा राहिला, हे कित्येक खांबांवर ब्राह्मीत कोरलेलं आहे. त्यात धेनुकाकटचे यवन आहेत. दर्शनी भिंतीवर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे. भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी थांबून अभ्यास करावा, ध्यान करावं, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी कोणी कोणी पदरचे पैसे मोजले, त्याचा हा हिशेबच आहे. जवळच्या भाज्याच्या लेण्यांत दगडी ओटे असलेल्या खोल्या दिसतात. दाराला पडदा, आत एक माणूस, बाहेर पाऊस. एवढ्यासाठी तो सगळा खर्च.

तिथून लोणावळ्याकडे थोडं पुढे आलं की कुसगाव बुद्रुक. इथे घरी बसून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला, सिंहगड संस्थेच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला किंवा घरून कंपनीचं काम करणाऱ्या माणसाला तशी खोली कोणी श्रेष्ठी दान करणार नाही. खिशातूनच भागवावं लागेल. म्हणून हा लेख कशाला किती पडतं, कुठे पैसे घालावेत आणि कुठे हात आखडावा याविषयी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. लक्ष लागणं ही गोष्ट बाजारात मिळत नाही. बाजारात जागा मिळते, वेळ मिळतो, शांतता मिळते. पैसे त्यांच्यावर घाला. ‘आम्ही तुमचं लक्ष लावून देतो’ म्हणणाऱ्यावर घालू नका.

आधी घरातलं पाहा

कुसगावची पहिली अडचण आवाज. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गावाला लागून जातो, खोपोलीकडून येणाऱ्या ‘मिसिंग लिंक’ रस्त्याचं टोकही इथेच येतं. शनिवार-रविवारी बंगल्यांतून डीजे सुरू असतो तो वेगळाच. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोमचे कानातले बोळे, औषधाच्या दुकानात वीस ते पन्नास रुपये जोडी. त्याहून टिकाऊ हवं असेल तर कारखान्यात कामगार घालतात तसे कानावरचे मफ घ्या, हार्डवेअरच्या दुकानात अडीचशे ते पाचशे रुपयांना मिळतात. आवाज कापणारे महागडे हेडफोन पाच-दहा हजारांना येतात आणि त्यांच्यासोबत गाणीही येतात. अभ्यासासाठी मला मफ जास्त प्रामाणिक वाटतात.

दुसरी अडचण वीज. लोणावळ्याचा पाऊस आणि वीज यांचं सख्य नाही, हे मावळात कोणाला सांगायला नको. इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून पंधरा ते वीस हजारांच्या घरात जातं. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्यासाठी जरूर घ्या. नुसत्या अभ्यासासाठी पाचशे ते नऊशे रुपयांचा चार्जिंगचा टेबल-दिवा पुरतो.

तिसरी अडचण तुमच्या खिशात आहे, फोन. ग्लोरिया मार्क या अमेरिकन संशोधिकेने वर्षानुवर्षं लोकांचं पडद्यावरचं लक्ष मोजलं. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंदांवर आला. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या एका प्रयोगात फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्या. टेबलावर बंद ठेवलेला फोनसुद्धा नडला होता. पुढच्या प्रयोगांत दर वेळी तसाच निकाल आला नाही, हेही खरं. पण दुसऱ्या खोलीत फोन ठेवायला पैसे पडत नाहीत, तेव्हा करून पाहायला काय जातं?

ज्यांना एवढ्यानं भागत नाही त्यांच्यासाठी साधा बटणांचा फोन आहे, हजार ते पंधराशे रुपयांत. पूर्वी त्यातही डेटाचा महाग रिचार्ज माथी मारला जायचा. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक आले. ८४ दिवसांना साडेचारशे ते पावणेपाचशे, म्हणजे महिन्याला एकशे सत्तरच्या आसपास. दुकानदार हा पॅक आपणहून सांगत नाही, मागावा लागतो.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती या पद्धतीचं खूळ सध्या फार आहे. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ती सुरू केली. दीड-दोनशे रुपयांचं किचन टायमर पुरे. त्यासाठी महिन्याची वर्गणी मागणारं ॲप घेऊ नका. ते ज्या फोनवर चालतं, तोच तर दूर ठेवायचा आहे.

अभ्यासिका: पुण्याला जावं की राहावं?

हा प्रश्न या पट्ट्यातल्या दर दुसऱ्या घरात येतो, त्यामुळे जरा पेन-कागद घेऊन बसू.

सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या खासगी अभ्यासिकांचा महिना साधारण आठशे ते दीड हजार. एसी असेल तर दोन-अडीच हजारांपर्यंत. महापालिकेच्या अभ्यासिका त्याहून खूप स्वस्त, पण जागा मिळायला थांबावं लागतं. आपण बाराशे धरू. लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर, लोकलचं तिकीट १५ रुपये आणि महिन्याचा पास तीनशेच्या आसपास. घरापासून लोणावळा स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाला जाताना पंचवीस, येताना पंचवीस, असे महिन्याच्या पंचवीस दिवसांचे १२५० रुपये. (एकट्याने रिक्षा केलीत तर हा आकडा विसरा. लोणावळ्यात मीटरचं नाव काढू नये.) शिवाजीनगरहून पेठेत पायी. एकूण झाले २७५० रुपये.

आता पुण्यातच राहिलात तर कॉट बेसिसवर चार हजार, मेसचे ३२०० आणि अभ्यासिकेचे बाराशे, मिळून ८४०० रुपये. फरक ५६५० रुपयांचा. घरचे म्हणतील, ये-जा कर.

पण वेळही मोजा. लोकलला सव्वा ते दीड तास, त्यात रिक्षा आणि स्टेशनवरची ताटकळ धरली की एका बाजूला दोन तास सहज जातात. दिवसाचे चार, महिन्याचे शंभर तास. म्हणजे पुण्यात राहणारा माणूस हे शंभर तास तासाला ५६ रुपये ५० पैशांनी विकत घेतो. ज्याची परीक्षा चार महिन्यांवर आली आहे त्याच्यासाठी हा दर महाग नाही. ज्याची दोन वर्षांवर आहे त्याच्यासाठी आहे.

इथे एक बारकावा आहे, तो नेहमी लोकलने जाणाऱ्यालाच ठाऊक असतो. लोणावळा हे सुरुवातीचं स्टेशन. सकाळी गाडी रिकामी उभी असते, खिडकीची जागा मिळते आणि सव्वा तास कोणी उठवत नाही. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी माणसं चढत जातात, पण तुम्ही बसलेले असता. तो तास खरा अभ्यासाचा. आदल्या दिवशीचं पुस्तक न उघडता आठवून कोऱ्या कागदावर उतरवायला ही वेळ उत्तम. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतं. संध्याकाळी शिवाजीनगरला चढताना मात्र जागेची आशा धरू नका. उभ्याने काही होत नाही, डोळे मिटा. सकाळचा तास वाचला असं धरलं तर वाया जाणारे तास पंचाहत्तर उरतात, आणि पुण्यात राहण्याचा भाव तासाला पंचाहत्तर रुपये होतो. तेव्हा सकाळची लोकल पकडणाऱ्याने घाईने पुण्यात खोली करू नये.

अभ्यासिका लावताना वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही असो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. ‘२१ दिवसांत सवय’ हे जाहिरातवाल्यांचं आवडतं वाक्य मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून निघालं. त्याने सांगितलं होतं ते चेहऱ्यातला बदल अंगवळणी पडायला रुग्णांना लागणाऱ्या किमान दिवसांबद्दल. तेव्हा आधी एक महिना, मग दोन महिने. तीन महिने टिकलात तर सवलतीचा विचार करा. पैसे भरण्याआधी रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, दिवाळीत बंद किती दिवस, जागा ठरलेली की रोज भांडायची, आणि संडास स्वच्छ आहे का, हे पाहून घ्या. शेवटचा प्रश्न मुलींनी तर नक्की विचारावा.

नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. हॉटेलात, बंगल्यावर, चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचा आठवडा उलटा असतो. शनिवार-रविवार हाच कामाचा हंगाम. पुस्तकांत लिहिलेलं ‘वीकेंडला नवीन काही शिका’ त्याच्या कामाचं नाही. त्याने मंगळवार-बुधवारची दुपार धरावी आणि ती कोणाला देऊ नये. याला एक वही लागते, बाकी काही नाही.

शिबिरं

लोणावळा म्हणजे शिबिरांचं माहेरघर. थंड हवा, मुंबई-पुण्याच्या मध्ये, रिसॉर्टही भरपूर. यातलं काही फार चांगलं आहे आणि काही निव्वळ फसवणूक. दोन्हीकडे पांढरे कपडे घातलेली माणसं असतात.

विपश्यनेला फी नाही. सत्यनारायण गोएंकांनी भारतात १९६९ पासून शिबिरं घेतली, इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झालं. राहणं, जेवण, शिकवणं यांचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्याने स्वखुशीने दान द्यायचं, पुढच्या माणसाच्या खर्चासाठी. कार्ल्याच्या खांबांचाच हा हिशेब. कुसगावकराला इगतपुरीपेक्षा आळंदीजवळचं मरकळ किंवा पुण्यात स्वारगेटजवळचं केंद्र सोयीचं. पण फुकट आहे म्हणून खर्च नाही असं नाही. शिबिर दहा दिवसांचं असलं तरी जाण्या-येण्यासकट बारा दिवस जातात. रोजंदारीवर सहाशे रुपये मिळवणाऱ्याचे ७२०० रुपये बुडतात. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, फोन-वाचन-लिहिणं-बोलणं बंद. परीक्षेच्या तोंडावर जाऊ नये. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जातली माहिती लपवू नये आणि आधी डॉक्टरांशी बोलावं.

लोणावळ्यातली योगसंस्था कैवल्यधाम आपल्या भागाचं भूषण. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलं, योगाची शास्त्रीय तपासणी करणारं ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्याच वर्षी निघालं. तिथल्या निवासी उपचारांना दिवसाला हजारांत पैसे लागतात, खोलीप्रमाणे कमी-जास्त. पाठ, झोप, रक्तदाब यांसाठी जायचं तर जा. अभ्यासात लक्ष लागत नाही एवढ्यासाठी मुलाला तिथे ठेवणं हा खर्च अस्थानी आहे. वरसोलीच्या मनशक्ती केंद्रात विद्यार्थी आणि पालकांसाठी कार्यशाळा होतात. कुठेही नाव घालण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘शिबिर संपल्यावर मी घरी रोज काय करायचं?’ उत्तर दोन वाक्यांत आलं तर पैसे भरायला हरकत नाही.

आता रिसॉर्टवरचं ‘व्यक्तिमत्त्व विकास’. पोस्टरवर फी ९,९९९ लिहिलेली असते. खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘अधिक जीएसटी’. १८ टक्के धरले की ११,७९९ झाले. राहणं दोघांत एक खोली या हिशेबाने, एकट्याला हवी तर वेगळे पैसे. पावतीच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी पाहत नाही तिथे, ‘एकदा भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही’. आणि शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, सगळे रडून-हसून मोकळे झालेले असताना, चाळीस हजारांच्या ‘पुढच्या टप्प्या’चा फॉर्म हातात येतो. त्या घटकेला सही करायची नाही. घरी जा, आठ दिवस थांबा. आठ दिवसांनी ऑफर संपलेली असेल तर तुमचं काहीही बिघडलेलं नाही. काही ठिकाणी निखाऱ्यांवरून चालवतात आणि त्याला आत्मविश्वास म्हणतात. गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड म्हणवणारे भक्त निखाऱ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, तिथे कोणी जीएसटी लावत नाही.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टींना सरळ नाही म्हणा. एक, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारं. पाच ते पंचवीस हजार घेतात. पट्टीच्या खालून, नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, एवढंच त्यातलं शास्त्र. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या वर्गांना जाहीर आव्हानं दिली आहेत. दुसरं, बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी चाचणी, दोन ते सात हजार रुपये. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, २०१९ मध्ये तिला शास्त्रीय आधार नसल्याचं लेखी सांगितलं आहे. शाळेनेच ही चाचणी आणली तरी पालक म्हणून नकार देता येतो. ‘मेंदूचा व्यायाम’ करून देणाऱ्या ॲपवाल्यांचीही गत अशीच. लुमोसिटी या बड्या कंपनीला फसव्या दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं.

कधी कधी प्रश्न वेगळाच असतो

लहानपणापासून एका जागी बसवतच नाही, वस्तू हरवतात, कामं अर्धी राहतात, किंवा गेल्या काही महिन्यांत झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, अशा वेळी टायमर आणि अभ्यासिका यांनी काही होणार नाही. हे डॉक्टरचं काम. सुरुवात १४४१६ वर फोन करून करा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत; येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाला बिचकू नका. खासगी मनोविकारतज्ज्ञ पुण्यात पहिल्या भेटीचे हजार ते दोन हजार घेतात. दहा हजारांच्या शिबिरापेक्षा हे स्वस्तच.

पैसे अडकले तर

क्लास किंवा शिबिराचे पैसे हप्त्याने भरत असाल तर हप्ता कोणाला जातो ते आधी पाहा. बऱ्याचदा क्लासवाला पैसे आधीच घेऊन मोकळा झालेला असतो आणि तुमच्या नावावर वित्त कंपनीचं कर्ज चढलेलं असतं. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही.

शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, कोचिंग मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं म्हटलं आहे. यशाची हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींवर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंधनं घातली. म्हणून जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, पावती पक्की घ्या, पैसे ऑनलाइन द्या. आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे अर्जाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

गावातच जागा करता आली तर

पुण्याचा सगळा हिशेब मांडल्यावर मला सर्वांत परवडणारा वाटतो तो मार्ग वेगळाच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या असतात. २० वॅटच्या चार ट्यूब आणि ७५ वॅटचे दोन पंखे रोज चार तास चालवले तर महिन्याला २८ युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी बिल तीनशेच्या आत. बारा मुलं बसली तर डोक्याला पंचवीस रुपये. किल्ली सांभाळायला आणि दिवे बंद करायला एक जबाबदार माणूस मिळाला की झालं.

यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची संमती आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. कायद्याप्रमाणे वर्षाला निदान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘संध्याकाळची अभ्यासिका’ हा विषय घालण्यासाठी आजच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.